निखळलेल्या जबड्याचं तप

पर्युषणात जांभई देऊ नये, असं कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

मंचरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. आमचे लोक मूळचे मारवाडातले जैन. तीन पिढ्यांत बोली इथली झाली, घुंघट मात्र तिकडचाच राहिला. मी पंधरा वर्षांची सून. मोठ्यांसमोर बोलायचं नाही, आणि बोलावं लागेल असं कुणी काही विचारायचंही नाही. पर्युषणाच्या पहिल्याच सकाळी घुंघटाआड मोठी जांभई दिली, कानापाशी खट्ट झालं आणि उघडलेलं तोंड काही केल्या मिटेना. खालचा जबडा पुढे येऊन अडकला होता. लाळ गळत होती, डोळ्यांना धार लागली होती.

सासूबाईंचा पदर ओढला, तोंडाकडे बोट केलं, हात हलवला. घशातून नुसतं 'आ आ' निघालं. त्या हरखल्या.

"उपास धरलास? आन मौन बी?"

मी नाही नाही म्हणून मान हलवली. घुंघटात सगळ्या माना सारख्याच दिसतात. घुंघट वर करू गेले, तर ओसरीवर मोठी माणसं बसलीत म्हणून त्यांनीच तो खाली ओढला.

दुपारी पेठेतल्या बायका तपस्विनीच्या दर्शनाला आल्या. पाणी गाळून पिणाऱ्या, पायाखाली मुंगी येऊ न देणाऱ्या. समोरच्या पोरीचा पदर ओलाचिंब का, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. "तोंडातून अवाक्षर न्हाई. सून असावी तर अशी," म्हणाल्या. नवरा माल आणायला पुण्याला गेला होता. असता तरी दिवसा त्यानं माझ्याकडे पाहिलं नसतंच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, आठही दिवसांच्या उपासाची अठ्ठाई होणार, शेवटी वाजतगाजत मिरवणूक निघणार. चोरून पाणी प्यायले तर अर्धं गळ्यावरून ओघळत होतं. आठ दिवसांत मी मरणार आणि ही माणसं त्याचीही मिरवणूक काढणार, याची मला खात्री होती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मागच्या दारी अवसरी गावची धनगरीण घोंगड्या घेऊन आली. मेंढरांची हाडं बसवणारी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पदर वर केला. कानापुढं चाचपलं. तिथं खळगा पडला होता.

"तप कशाचं, बाय? जबडा निखाळलाय तुजा."

मला भुईवर बसवून डोकं भिंतीला टेकवलं. अंगठ्यांना चिंधी गुंडाळली, मागच्या दाढांवर ठेवून खाली दाबलं, मग मागं लोटलं. खट्ट. तोंड मिटलं.

"धा दिस फडकं बांध. मऊ खा. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धर."

तेवढ्यात सासूबाई आल्या. तिची बोटं माझ्या ओठांशी पाहून खवळल्या.

"व्रत बाटवलंस, सटवे. तपाच्या तोंडात हात घातलास."

"आक्का, पोरीलाच इचारा की," ती शांतपणे म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "खरं का गं?" त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मी पदर पुढे ओढला आणि गप्प राहिले.

धनगरणीनं घोंगड्या उचलल्या. पुन्हा ती आमच्या दारी कधी आली नाही.

पेठेतल्या त्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवली. त्यांना तरी काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तोवर जबडाही जागेवर बसला होता.