सुतकातलं बसणं

आमची आई बसून बसून गेली. हे मी पहिल्यांदा चारचौघांत बोलले तेव्हा चुलते माझ्यावर खेकसले, म्हणाले, तोंडाला येईल ते बरळू नकोस. पण मी काही खोटं बोलले नव्हते. वडील गेल्यावर तिला घरातल्या ज्या कोपऱ्यात बसवलं, तिथून ती पुन्हा धड गोठ्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

काष्टीच्या अलीकडं आमची वस्ती आहे. वडील सकाळी उसाला पाणी धरायला गेले आणि तिथंच बांधावर कोसळले. मी नगरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. भावाचा फोन आला तशी निघाले, पण घरी पोचेपर्यंत अंगणात ताडपत्री अंथरून माणसं बसलेली होती आणि आईला आतल्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. तिला तसं बसलेली बघूनच मला कसंतरी झालं.

कारण ही बाई बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. जेवताना मांडी घालायची नाही, एक गुडघा वर करून दोन घास खाल्ले की चालली गोठ्यात. आम्ही चिडायचो, "अगं, जरा बूड टेक की!" तर म्हणायची, "बसलं की माझं पाय दुखत्यात बाई." पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरटरून फुगलेल्या असायच्या. हिंडत राहिली की तिला बरं वाटायचं. आम्हाला वाटायचं, हिची खोडच आहे ती.

आमच्याकडं घरात मयत झालं की माणसं दारावर येतात, म्हणजे समाचाराला येतात. टेम्पो भरून बाया येतात, पदर तोंडाला लावून आत शिरतात आणि जिचा नवरा गेला तिच्या गळ्यात पडून रडतात. एक टेम्पो गेला की दुसरा येतो. तेव्हा त्या बाईनं जागेवर असायलाच हवं. कामाला हात लावायचा नाही. उठून इकडंतिकडं फिरताना दिसली, की लगेच कुजबुज सुरू, "हिला कुठं काय झालंय, बघा कशी हिंडती!"

सगळं हाती घेतलं ते आत्यानं, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. ती शेजारच्याच वाडीवर दिलेली. तिनं आईला लेकरासारखं सांभाळलं, हे मी नाकारत नाही. ताट हातात, पाणी हातात, पाठीला उशी. "वैनी, तुमी हलू नका. जल्मभर राबलात. आमी हाय ना समद्या." आता यात वाईट काय आहे सांगा. मी चुलीशी चहा उकळत होते, मलाही वाटलं, बरं झालं, निदान आता तरी तिला आराम मिळेल.

सावडून झाल्यावर एकदा आई हळूच म्हणाली, "वन्सं, म्हशीला पानी दाखवून येते. ती माझ्या हाताबिगर पीत न्हाई."

"म्हस काय मरत न्हाई. बसा तुमी. पाव्हनी यायची येळ झाली."

आई बसली. पाणीसुद्धा ती मोजकंच प्यायची. प्यायलं की परसाकडच्या संडासात जायला उठावं लागणार, आणि मग रडायला आलेल्या बाया ताटकळत बसणार. तिला ते बरं दिसायचं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "डावा पाय लई जड झालाय गं." लुगडं वर करून पाहिलं तर पोटरी सुजून टम्म, हात लावला तर गरम. बसून अवघडलाय, असं सगळ्या बाया म्हणाल्या. आत्यानं तेल कोमट करून आणलं आणि चांगलं रगडून चोळलं. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. तर आईच माझ्यावर डाफरली, "तुझ्या आण्णाचा दहावा सोडून दवाखान्यात जाऊ व्हय? लोकं शेण घालतील तोंडात!" भाऊ म्हणाला, तेरावा उरकू दे, मग दाखवू. तिघा-चौघांनी मान डोलावली. त्यापुढं माझं काय चालणार?

तेरावा उरकला. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली ताडपत्री काढली, तशी कुणाला न विचारता आई भिंत धरून उठली आणि बादली घेऊन निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दम लागतोय गं मला." आणि खालीच बसली. ओठ काळेनिळे पडले होते. गाडी काढून नगरला नेईपर्यंत ती शुद्धीवर होती. संध्याकाळी गेली.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि ती वर फुफ्फुसात जाऊन अडकली. म्हणाल्या, "दुःखात माणसं दिवस दिवस एका जागी बसतात, खात नाहीत, पाणी पीत नाहीत. यांच्या शिरा तर आधीच खराब होत्या. अर्ध्या-पाऊण तासानं उठवून घरातल्या घरात चालवलं असतं, पाणी पाजलं असतं, तर कदाचित... आणि पाय सुजला त्याच दिवशी आणायला हवं होतं. चोळायचा नव्हता." पुढं त्या बऱ्याच काही बोलल्या, पण माझं डोकं त्या कदाचितपाशीच थांबलं होतं. अजून थांबलेलंच आहे.

आईच्या सुतकात आत्या मला म्हणाली, "बस बाई." मी अशी ओरडले की अंगणातली माणसं आत डोकावली. मी बसले नाही. बोलायचं ते लोक बोलले. त्यानंतर भावानं आईची म्हैस आत्याकडं नेऊन बांधली, कारण आमच्या घरी ती कुणाला जवळ येऊ देईना. तेव्हा तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं आईला त्या म्हशीपर्यंत जाऊ दिलं नाही, तिच्याच दावणीला म्हैस! मी आत्याशी बोलणं टाकलं.

इकडं ऑफिसात मी अर्ध्या अर्ध्या तासाला खुर्चीवरून उठते, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारते, पाणी पिते. वकीलसाहेब सुरुवातीला चेष्टा करायचे, "बाई, टायपिंगला ठेवलंय तुम्हाला, गस्तीला नाही." मी म्हटलं, "साहेब, बसून मेलेली बाई पाहिलीय मी." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. आता कधीकधी तेही उठतात.

यंदाच्या थंडीत आत्याचे यजमान गेले. जावं की नाही, म्हणून मी दोन दिवस घालवले. शेवटी गेले. दारातून बघते तर आत्या भिंतीला पाठ लावून बसलेली, पदर नाकापर्यंत, भोवती बाया. मला बघून तिनं हंबरडा फोडला. मला रडू आलं नाही. मी तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि म्हटलं, "आत्या, ऊठ."

"अगं बया, काय करतीस!" एक बाई म्हणाली. आत्या घाबरून दाराकडं बघायला लागली. "लोकं काय म्हनतील गं?"

"म्हणू दे. तू ऊठ."

ती उठली. तिला तांब्याभर पाणी पाजलं आणि खांद्याला धरून मागच्या दारानं परसात आणलं. बाया खिडकीतून बघत होत्या. आम्ही हळूहळू चालत गोठ्याशी आलो. तिथं आईची म्हैस उभी होती. आत्या दावणीला हात टेकून थांबली.

"वैनी म्हनत हुत्या, म्हशीला पानी दाखवून येते," आत्या म्हणाली. "मीच न्हाई म्हनले."

हे तिच्या तोंडून ऐकायची मी किती दिवस वाट पाहत होते! त्याला काय काय उत्तरं द्यायची तेही ठरवून ठेवलं होतं. पण मी हौदातून बादली भरली आणि तिच्या हातात दिली. आत्यानं ती दोन्ही हातांनी पुढं सरकवली. म्हशीनं बादलीत तोंड घातलं.

"एवढंच मागत हुत्या गं," आत्या म्हणाली.

मग मात्र मला आवरेना. मी तिच्या गळ्यात पडले, आणि आम्ही दोघी तिथं उभ्या उभ्याच रडलो.