सुतळीने मोजलेलं अंतर

पवनानगरकडच्या आमच्या दहावीच्या केंद्राचे संचालक शिस्तीचे मोठे भोक्ते. दोन बाकांमधलं अंतर ते सुतळीने मोजतात, आणि चार बोटं जरी कमी भरलं तरी मला, म्हणजे पर्यवेक्षकाला, अख्खी रांग हलवायला लावतात. "सगळ्यांना सारखं," असं वर बजावतात. एरवी ते इतिहास शिकवतात.

यंदा गणिताच्या पेपरला शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा ते वर्गात आले. निकालाची काळजी त्यांना पोरांपेक्षा जास्त. हात मागे बांधून एक फेरी मारली आणि छताकडे बघत म्हणाले, "चौथ्याचं उत्तर बारा येतं बरं का." पंचवीस पेनं एकदम चालू झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने स्वतःचं अठरा खोडून बारा लिहिलं.

पेपर सुटल्यावर तिने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, माजं अठरा आलतं. तुमी सांगितलं म्हणून खोडलं. आत्ता परत करून बघितलं, तर अठराच येतंय."

सर सुतळी गुंडाळत होते. ती नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे. सगळ्यांचं सारखंच चुकलंय."