चहाच्या कुपनांवरची विमानफेरी

मला विमानात बसायचं होतं, म्हणून मी कुपनं जमवली. दुसरं काहीही कारण नव्हतं. साठच्या दशकात अमरावतीतल्या वकिलाच्या सुनेला एवढं कारण पुरत नसे, आणि आजही पुरत नाही असं दिसतं. कारण ही हकीकत सांगितली की ऐकणारा मध्येच थांबवून विचारतोच, "पण अकोल्याला कोणी आजारी होतं का?"

कोणीही आजारी नव्हतं.

झालं होतं असं, की एका चहाच्या कंपनीनं पुडीत कुपन घालायला सुरुवात केली. थोडी कुपनं दिली की कपबशी, जास्त दिली की टॉर्च, आणि ढीगभर दिली की अकोल्याच्या धावपट्टीवरून विमानाची एक फेरी. त्यासाठी कंपनी छोटं विमान आणणार होती. आमच्या गल्लीत सगळ्यांनी कपबश्या घेऊन टाकल्या. मी घेतली नाही. सासूबाई वारल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे होतं, आणि सासरे नामांकित वकील, त्यामुळे ओसरीवर पक्षकारांची रीघ. येईल त्याला चहा. तोवर आमच्याकडे खुला चहा यायचा. मी वाण्याला बजावलं, यापुढे पुडीचाच पाठव. रिकाम्या पुड्या चूल पेटवायला जायच्या, त्या आधी मी कुपन काढून घ्यायची. गोडाच्या डब्यात हात घालावा तसा पुडीत हात घालायची सवयच लागली.

तरी घरच्या पुड्यांनी काय व्हायचं होतं! खरी भर घातली ती शेजारणीनं. मी तिला भाभी म्हणायची. तिच्या नवऱ्याचं एसटी स्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं. तिच्या पोरींचे फ्रॉक मी शिवून द्यायची आणि ती हॉटेलातली कुपनं पदरात बांधून आणायची. मी ती सुईदोऱ्यात ओवून माळा करून ठेवायची.

"इमानात बसून जानार कुठं?" तिनं एकदा विचारलं.

"कुठंच नाही. अकोल्यावरून उडते, अकोल्यातच उतरते."

"मंग वरून माह्या भावाचं घर पायजो. पुलापाशी हाय. गच्चीवर लाल चादर टाकाले सांगतो त्याले." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "पन घरी सांग, अकोल्यात मावशी बिमार हाय. काहून उगाच डोक्याले ताप करून घेतं?"

सल्ला शहाणपणाचा होता. मावशी अकोल्यात होतीही. पण ती ठणठणीत होती, आणि माझ्या हौसेसाठी मी तिला अंथरुणाला खिळवणार नव्हते.

मी घरी सरळ सांगितलं, की कुपनं पुरी झाली, मी विमानात बसणार. आमचे हे शाळामास्तर. यांना कशालाच हरकत नसे. हरकत नसणं म्हणजे मदत करणं नव्हे, हे मला त्याच रात्री जेवणाच्या पाटावर कळलं. यांनी वरण ओरपलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"जिथून उडाचं तिथंच उतराचं," सासरे म्हणाले. "त्यात तुले काय काम हाय, सूनबाई?"

"काम नाही, मामाजी. मले बसाचं आहे."

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. चहा घरचा, म्हणून कुपनं घरची, आणि घरची म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाची. विमानात ते बसतील. मी बरोबर यावं, कारण ते बाहेरचं खात नसत आणि डबा कोणीतरी धरायला हवा. यांना शाळेत परीक्षा होती, तेव्हा आम्ही दोघंच निघालो. सासऱ्यांनी भर उन्हात काळा कोट चढवला होता. माझ्या एका हातात पोळीभाजीचा डबा, दुसऱ्या हातात कुपनांची थैली. बडनेऱ्याला रेल्वेत बसल्यापासून अकोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि आतून जळत होते. रडू मात्र आलं नाही. मी येऊ दिलं नाही.

अकोल्याच्या मैदानावर ही गर्दी! दोरी लावलेली, मध्ये विमान उभं, आणि एका टेबलाशी कंपनीचा माणूस भोंगा घेऊन बसलेला. सासऱ्यांना ओळखीचे दोन अकोल्याचे वकील भेटले. ते त्यांच्याशी बोलत विमानाकडे गेले आणि मला म्हणाले, "तू तेवढी कुपनं देऊन ये."

मी माळा टेबलावर ठेवल्या. त्या माणसानं त्या पाहून घेतल्या आणि पेन्सिल उचलली.

"कोन बसनार? नाव सांगा."

आता सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. पोस्टमननं विचारलं तरी कुणाला तरी हाक मारून त्याच्या तोंडून वदवायचं. इथं हाक मारण्याजोगं ओळखीचं कोणी नव्हतं. मागची माणसं ढकलत होती.

"बाई, नाव सांगा ना लवकर."

मी माझं नाव सांगितलं. लग्नात सासरी बदलून ठेवलेलं नव्हे, माहेरचं. त्यानं लिहिलं आणि मला पावती दिली.

भोंग्यावरून नाव पुकारलं तेव्हा सासऱ्यांनी मानही वळवली नाही. त्या नावाचं कोणी त्यांच्या घरात नव्हतंच. मी डबा टेबलाखाली सरकवला, पदर खोचला आणि दोरीखालून आत गेले. मी शिडीवर चढले तेव्हा त्यांना उमगलं. ते टेबलाकडे धावले. तो माणूस म्हणाला, "साहेब, पुकारलेलं नाव बदलत नसतो आमी." वकिलाला वकिलाच्याच भाषेत उत्तर मिळालं. पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण पंखा सुरू झाला होता.

मी घाबरले का? घाबरले. कानाला दडे बसले. मग जमीन सुटली. जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग, रुळांच्या दोन रेघा, बारीक झालेली मोर्णा नदी, आणि पुलाजवळच्या एका गच्चीवर लाल चादर. कोणी तरी माझ्यासाठी ती टाकली होती, आणि ती मला दिसत होती. तेव्हा मात्र मी रडले. पायलटला वाटलं मला त्रास होतोय. मी त्याला हातानं खुणावलं, चालू दे.

खाली उतरले तोवर सासऱ्यांनी खटला सावरून घेतला होता. भोवती ते दोन वकील, शिवाय बघे.

"सासऱ्याचं नाव कशी घेईल ती?" ते सांगत होते. "घरचं वळण हाय. घाबरली अन् सोताचं सांगून बसली बिचारी."

वकील माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असंही एकानं म्हटलं. मी फक्त मान खाली घालायची होती. घरी शांतता राहिली असती, मला शाबासकी मिळाली असती, आणि मी वर गेले ती चुकून गेले असं कायमचं ठरलं असतं. तेच मला सोसवेना.

मी त्यांचं नाव घेतलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, कोर्टातला शिपाई पुकारतो तसं, खणखणीत. इथं मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, पण त्या दिवशी अख्ख्या मैदानानं ते ऐकलं.

"येते मले नाव, मामाजी," मी म्हटलं. "पण बसाचं मले होतं."

मी टेबलाखालून डबा काढला.

परतीच्या गाडीत सासरे मुकाट्यानं जेवले. मूर्तिजापूर गेलं, मी डबा आवरून ठेवला. बडनेरा जवळ आलं, तसा त्यांनी कोट काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत विचारलं, "वरून कसं दिसते?"

त्यांनाही मनापासून बसायचं होतं, हे मला तेव्हा प्रथमच समजलं. वाईट वाटलं. पण पुन्हा तसा प्रसंग आला असता, तर मी पुन्हा तेच केलं असतं.

"मामाजी," मी म्हटलं, "उद्यापासून कुपनं जमवा."