खुलासेवार साडू

समोरच्या माणसाला काहीही माहीत नाही, असं आमच्या साडूंइतकं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. आणि गंमत म्हणजे त्यांचा कुणाला राग येत नाही. स्वतःच्या लग्नाच्या निमंत्रणाचा मेसेज त्यांनी स्वतः लिहिला होता. हॉलचं पुढचं दार बंद दिसेल, ते नेहमीच बंद असतं, लग्न मोडलं असं समजून परत जाऊ नये, डावीकडच्या बोळातून आत यावं, असा त्यात मजकूर. पाव्हणे पोट धरून हसले, पण एकही जण चुकला नाही. घरात गिझरखाली त्यांनी कागद चिकटवलाय: दिवा विझला म्हणजे पाणी तापलं, गिझर बिघडला नाही. आमचे सासरे कन्नड गावाहून मुक्कामाला येत, तेव्हा दिवा विझलेला पाहून बिचारे मुकाट गार पाण्याने आंघोळ उरकत. कागद लागला आणि म्हातारा त्या घरात पहिल्यांदा ऊन पाण्याने न्हाला. तेव्हापासून दोन जावयांमध्ये माझा नंबर दुसरा लागला तो लागलाच.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते कॉम्प्युटरचं काम बघायचे. कंपनीने विक्रेत्यांच्या ऑर्डरी घ्यायला एआय एजंट बसवला. एजंट म्हणजे हाडामांसाचा दलाल नव्हे. सांगितलेलं काम आपल्या डोक्याने उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक ऑर्डर नोंदवतं, एक गोदामातला माल बघतं, एक गाडी सोडतं. या एजंटने आल्या आल्या सोयगावच्या एका विक्रेत्याला एकाच ऑर्डरीचा माल तीनदा पाठवला. झालं असं, की ऑर्डर नोंदवणारं टूल काम झाल्यावर काहीच बोलत नसे. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी कुठे लिहिलंच नव्हतं. एजंटला वाटलं नोंद झाली नाही, म्हणून त्याने पुन्हा केली, आणि परत एकदा केली. "साहेब, घरात नुसत्या नळ्याच नळ्या. आम्ही ओसरीवर झोपायलोत," असा विक्रेत्याचा फोन आला.

साहेबांनी फर्मावलं, खरिपाच्या हंगामात हे सुधारलं नाही तर इथलं खातं बंद, तुम्ही हैदराबादच्या ऑफिसात चला. साडूंना हे शहर सोडायचं नव्हतं. घर नुकतं बांधलेलं, मेहुणीची शाळेतली नोकरी इथली, आणि गुलमंडीच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानात संध्याकाळी येऊन टेकल्याशिवाय त्यांना करमत नसे. मलाही नसे, उगाच खोटं कशाला बोलू. साडू मात्र जराही डगमगले नाहीत. "एजंटचं काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाय. आता मी सांगतो," एवढंच म्हणाले.

मग रोज ते एकेका टूलची माहिती लिहून दुकानात आणायला लागले. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, काम झालं हे कशावरून ओळखायचं. पारख करायला मी: ते ऐकून मी काय करीन, ते सांगायचं. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो न कळणारा माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं होतं, आणि मला त्या निवडीचा अभिमान होता. मी चुकलो की ते माझ्यावर कधी चिडायचे नाहीत. "पाव्हणं, तुम्ही चुकलात म्हणजे माझं लिहिणं कच्चं," असं म्हणून तिथेच खोडून नव्याने लिहायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "गोदामात माल नाय. गिऱ्हाईक दारात उभं हाय. काय कराल?"

मी म्हणालो, "बसवीन, चहा मागवीन, आणि शेजारच्या दुकानातून आणून देईन." गुलमंडीवर दुसरं काय करतात? आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवणं आमच्या बाजारात पाप आहे.

साडू खूश झाले. "एजंट लई तुमच्यासारखा हाय. त्याला पण नाय म्हणवत नाय. माल नसला की काहीतरी भलतंच पाठवून मोकळा होतो." आणि त्यांनी लिहिलं: माल नसेल तर नाही म्हणून स्पष्ट सांगावं, दुसरा माल पाठवू नये, ऑफिसातल्या माणसाला विचारावं. माझी आयुष्यभराची दुकानदारी त्यांनी एका ओळीत बाद केली, आणि मी वर त्यांना चहा पाजला.

हंगाम आला नि गेला. एक गाडी चुकली नाही. सोयगावचा तो विक्रेता पुन्हा घरात झोपायला लागला. साहेब स्वतः पेढे घेऊन आले आणि म्हणाले, इथलं सगळं आता तुमच्यावाचून चालतं, हैदराबादच्या टूल्सची मात्र कुणी एक ओळ लिहिलेली नाही. तिकडे तुम्हीच पाहिजेत. जायचं टळावं म्हणून माणसाने जीव ओतून काम केलं, आणि काम इतकं चोख झालं की जावंच लागलं. मेहुणीने शाळा सोडली. साडू तेव्हाही म्हणाले, "तिथलं बी करू नीट," आणि त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण मला फार वाईट वाटलं.

स्टेशनवर त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. अधूनमधून घर उघडायचं, टाकी भरायची, झाडांना पाणी घालायचं, हे ठरलेलं होतं. आता खिशातून घडी घातलेला कागद निघेल म्हणून मी हात पुढे धरून उभा राहिलो. साडूंनी तो हात नुसता दाबला. म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, पाव्हणं. तुम्हाला सगळं माहीत हाय."

टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरवतात, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण मी विचारलं नाही.