कामावरच्या घोडीचं माप

आमच्याकडे लग्नाची बग्गी आहे आणि ती ओढणारी एक घोडी. शिंगरू होती तेव्हापासून मी तिला वाढवलंय, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकंच फिरतं. बग्गी हाकतात माझे सासरे, आमचे मामा. सलग दोन लगीनसराईत घोडीचा खांदा सोलला, तेव्हा ते म्हणाले, "यंदा परत सोलला तर मालेगावच्या व्यापाऱ्याला द्यायची. मला तिचे हाल बघवत नाय."

त्यांचं चुकत नव्हतं. पण घोडी विकायची? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

ओढताना सगळा भार गळपट्ट्यावर येतो. गळपट्टा म्हणजे आत पेंढा भरलेलं चामड्याचं जाड कडं, मानेच्या बुडाशी बसणारं. आमच्याकडचे सगळे बग्गीवाले तो आषाढ-श्रावणात करून घेतात. तेव्हा लग्नं नसतात, घोडी रिकामी आणि सिन्नरचे खोगीरवाले काकाही रिकामे.

मार्गशीर्षात एका लग्नाहून बग्गी परतली. घोडी अजून घामेजलेलीच होती. साज उतरवताना मी सहज गळपट्ट्याखाली हात घातला. श्रावणात तिथून जेमतेम तळहात सरकत होता, आणि तेवढाच सरकायला हवा. आता अख्खी मूठ आत गेली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पावसाळ्यात हिरवं गवत खाऊन जागच्या जागी फुगलेल्या घोडीचं आपण माप घेतो, आणि पट्टा घालतो पळून पळून उतरलेल्या घोडीला. बाळंतिणीच्या मापाचा ब्लाऊज वर्षभराने घालावा, तसलीच गत. ढिला पट्टा हलतो, हलला की घासतो. त्यात मामा आतून घोंगडीचा तुकडा कोंबायचे, तो गोळा होऊन आणखी घासायचा, म्हणजे आगीत तेल.

दुसऱ्या दिवशी घोडी टेम्पोत चढवली आणि सिन्नर गाठलं. "सूनबाईचं डोकं फिरलं," म्हणत मामाही बसले.

काका म्हणाले, "ताई, आषाढात या ना. आत्ता कोण माप देतं?"

"मी देते. घ्या सुतळी."

ओढताना असते तशी घोडीची मान मी वर धरून ठेवली. काकांनी सुतळी लावली, जुन्या पट्ट्याशी ताडून बघितली आणि म्हणाले, "लय फरक हाय."

पौषात लग्नं नसतात, तेवढ्यात नवा पट्टा शिवून झाला. तो रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी ओलाच घोडीच्या गळ्यात घातला आणि मामांनी मोकळी बग्गी हाकली. वाळता वाळता चामडं तिच्या खांद्याला बेतून बसलं.

माघापासून वराती सुरू झाल्या. मी रोज खांदा चाचपायची. अक्षय तृतीयेला तर घोडीला दम खायला फुरसत नव्हती, तरी केस न् केस जागेवर.

त्याच आठवड्यात व्यापारी दारात. मामांनीच त्याला मागे सांगून ठेवलं होतं. मामांनी पट्टा काढला, घोडीच्या दोन्ही खांद्यांवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "घोडी विकायची नाय."

"मग मला बोलावलं कशाला?"

"चहाला. आणि तुमच्याकडं कुणाच्या घोडीचा खांदा सोलत असंल, तर त्याला म्हणावं, कामावरनं घोडी घेऊन ये. माप कसं द्यायचं, ते आमची सूनबाई सांगंल."

मी आत चहा करत होते. आनंदाच्या भरात साखर दोनदा पडली. व्यापाऱ्याने तो चहा संपवला आणि लगेच पाणी मागितलं.