भांडण मिटेपर्यंत चहा नाही

पेपरात कुठल्याही दोन देशांच्या वाटाघाटींची बातमी आली की आमचे शेजारी काका चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "मधी कोण? आनी तो च्या खंय पिलो?"

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण आमच्या पार्से गावात कुणाच्या काजूच्या बागेची मेर सरकली की दोन्ही घरं काकांनाच बोलवायची. काका त्या हद्दीवरच्या दगडावर बसत, घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी पीत, आणि तडजोड होईपर्यंत कुणाकडचाही चहा घेत नसत. चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण! "एकाच्या पाटार बसलंय तर दुसरो माजां कित्याक आयकतलो?" भांडण मिटलं की मात्र दोन्ही घरी कप रिचवून वर आणखी अर्धा मागायचे.

जगाच्या बाबतीत त्यांचा हिशेब वेगळा होता. लहानपणी त्यांनी भाटकाराचा, भाटांच्या म्हणजे बागायतींच्या मालकाचा, दरारा पाहिलेला. तो अंगणात खाकरला की दोन्ही बाजू गप्प. अमेरिका आणि रशिया त्यांच्या लेखी भाटकारच; जगाची भांडणं तेच मिटवणार. पण गोवा मुक्त झाल्यावर कूळकायदा आला, भाटकाराला कुणी विचारेना, म्हणून तर लोक काकांकडे येऊ लागले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांचा मुलगा आखातात ट्रक चालवायला गेला आणि तिथेच लढाई पेटली. विमानं बंद. काकांनी जाहीर केलं, "झगडां मिटासर च्या ना."

काकी रडकुंडीला आल्या. "तुमी च्या सोडलास म्हणान थंयच्यो तोफो बंद जातल्यो?"

"मी मधी पडलंय," काका म्हणाले.

मोठे देश बोलणी करायला आले खरे, पण एक या बाजूला शस्त्रं पुरवत होता, दुसरा त्या बाजूला. काकांनी पेपर बाजूला सारला. "एक हांगा जेवता, दुसरो थंय. मगे मेरेर कोण बसतलो?"

एका सकाळी मी वाचून दाखवलं, शेजारच्या एका चिमुकल्या देशाने दोघांना आपल्याकडे बोलावलंय. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून निरोप पोचवतोय. "याचं कोण ऐकणार, काका?" मी म्हटलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माजां कोण आयकता रे? ना भाट, ना बंदूक. म्हणानच आयकतत."

त्या दिवशी त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

बोलणी दोनदा फिसकटली. शेवटी लढाई थांबली, विमानं सुरू झाली. मुलगा बसमधून उतरून आला तेव्हा काका दारापुढच्या खळ्यात उभे होते. जवळ घेणं वगैरे त्यांना कधी जमलंच नाही. नुसतं आत ओरडले, "गो, दोन कोप च्या हाड!" प्यायले, रडले, आणि आणखी अर्धा मागितला.

आता काका नाहीत. परवा दोन भावांचं मेरेवरून जुंपलं. काकांचा मुलगा तिकडे निघाला, मीही गेलो. थोरल्याच्या बायकोने चहा पुढे केला.

"आता नाका, वहिनी," म्हणत तो पुढे झाला आणि काकांचा तांब्या घेऊन मेरेवरच्या दगडावर जाऊन बसला.