पाच बारीक तारा

माझ्या थोरल्या जाऊबाई मोजत असल्या की घरात कोणी बोलायचं नाही, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकले. मी दारातून विचारलं, "वहिनी, चहा टाकू का?" त्यांनी मान वर केली नाही. हातातली तांब्याची तार सैल सोडली, गुंडाळलेली कॉइल सगळी उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्रेसष्टवर होते गं."

त्या मोटारी बांधतात. पंपाची, गिरणीची, लेथची मोटार जळली की लोक ती आमच्या पुढच्या खोलीत आणून टाकतात. जाऊबाई ती उघडतात, जळकी तार उपसतात आणि नवी तार वेढे मोजून भरतात. मूळचं हे काम आमच्या सासऱ्यांचं. त्यांचे मुलगे दोन. धाकटा, म्हणजे माझा नवरा, कारकुनीत रमला. थोरल्याला, आमच्या भाऊजींना, एका जागी बसणं म्हणजे शिक्षा. सासऱ्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी थोरल्या सुनेला हाक मारली, "जरा ही तार धर." ती तार त्यांनी धरली ती अठ्ठावीस वर्षं झाली, अजून सोडलेली नाही.

मी रोज सकाळी माळ ओढते. जाऊबाई माझ्याबरोबर बसत नाहीत. एकदा मी म्हटलं, पाच मिनिटं देवाचं नाव घ्यायला काय जातं? तर म्हणाल्या, "तुझी माळ एकशे आठची, माझी एकशे चाळीसची. तुझा एक मणी चुकला तर देव सांभाळून घेतो. माझा एक वेढा चुकला तर गिऱ्हाईक परत येतं."

भाऊजी पाणी पोचवायचे. तीनचाकी सायकलगाडीवर पिण्याच्या पाण्याचे मोठे जार, एका वेळी सहा, आणि चढावरच्या शाळेत चार खेपा. एकोणीस वर्षं. मग एक दिवस छातीत कळ आली. डॉक्टरांनी कागद बघितले आणि सांगितलं, "पायडल बंद. चढ तर अजिबात नाही."

भाऊजी म्हणाले, "मग मी काय स्वेटर विणू?"

"विणा," जाऊबाई म्हणाल्या. "सुया मी आणून देते."

शाळेचे हेडक्लार्क जुन्या ओळखीचे होते. त्यांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. त्यानंतरच्या सोमवारी अकराच्या आत चोवीस जार वर आले तर काम भाऊजींचं, नाहीतर तोवर पाणी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला कायमचं हो म्हणणार. शाळेतली मुलं तहानलेली ठेवता येत नाहीत, यात त्यांचंही काही चुकत नव्हतं.

भाऊजी चार दिवस घरात बसले. रोज गाडीच्या चेनला तेल घालायचे, जिला चालायचंच नव्हतं. पाचव्या दिवशी जाऊबाई तार आणायला बाहेर गेल्या तशी त्यांनी तीन जार चढवले आणि निघाले. अर्ध्या चढावरच्या न्हाव्यानं त्यांना दुकानासमोर फुटपाथवर बसलेलं पाहिलं. घामानं भिजलेले, ओठ पांढरे. तो त्यांना धरून घरी घेऊन आला.

जाऊबाईंनी पाणी दिलं, पंखा लावला. ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "धाकटे, या माणसाला मी बांधून ठेवू शकत नाही. संधी मिळाली की हा पायडल मारणार. आणि एक दिवस न्हावी त्याला चालवत आणणार नाही, उचलून आणेल. गाडीलाच मोटार बसवायला हवी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातून एका मोडक्या बॅटरी रिक्षाची मागच्या आसासकट मोटार आणली. जळलेली होती, पण जळकी मोटार म्हणजे यांच्या हातचा मळ. चार बॅटऱ्या आणि कंट्रोलर स्पेअरवाल्याकडून आणला. कंट्रोलर म्हणजे ॲल्युमिनियमची डब्यासारखी पेटी, बॅटरी आणि मोटार यांच्या मध्ये बसणारी. हँडलची मूठ पिळली की किती करंट सोडायचा ते ती ठरवते. पेटीतून मोटारीकडे तीन जाड तारा जात होत्या, आणि वेगळ्या जुडग्यात पाच बारीक.

मोटार बांधून, वार्निश वाळवून, गाडीत बसवायला नऊ दिवस लागले. मागची चाकं विटांवर उचलून ठेवली. जाऊबाईंनी मूठ हळूच पिळली. चाकं फिरली. इतकी गुळगुळीत फिरली की मी हात जोडले. फक्त फिरली ती उलटी.

भाऊजी खाटेवरून म्हणाले, "आपल्या घरातलीच आहे. सरळ कशी चालेल?"

जाऊबाई हसल्या. तीन तारांची मोटार उलटी फिरली तर कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, की सुलटी होते. हे त्यांनी हजार वेळा केलंय. झोपेत सांगितलं तरी करतील. पाना घेतला, दोन जाड तारा बदलल्या, मूठ पिळली.

मोटार कण्हली. चाक एकदा पुढे गचकलं, थांबलं, पुन्हा गचकलं. मग असा घरघराट सुरू झाला की शेजारीण खिडकीत आली. जाऊबाईंनी मोटारीवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. तापली होती.

"नव्या तारेचं वाइंडिंग गेलं," त्या म्हणाल्या. "माझाच एक वेढा चुकला असणार."

मी म्हटलं, "अहो, पण आत्ता तर छान फिरत होती."

"आतून कच्चं असेल. फिरल्यावर सुटलं."

त्या दुसऱ्यावर खापर फोडायला कधी शिकल्याच नाहीत, हीच त्यांची खोड. मोटार उतरवली, उघडली, स्वतःच भरलेली नवी कोरी तार पक्कडीनं उपसून काढली आणि पुन्हा बसल्या मोजायला. भाऊजींनी टीव्ही बंद ठेवला. मी चपलासुद्धा हातात घेऊन घरात वावरले. चार दिवस गेले. पुन्हा बसवली, मूठ पिळली. तोच घरघराट, तोच गचका.

गुरुवार होता. सोमवारला मधे तीन दिवस.

भाऊजी उठून गाडीजवळ आले. मस्करी न करता म्हणाले, "राहू दे आता. मी हळूहळू नेईन. तीन-तीन जार."

जाऊबाईंनी हातातला पाना त्यांच्या आणि पायडलच्या मधे धरला. "त्या पायडलला पाय लावलात तर बघा. जा, आत बसा."

ते आत गेले. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्या पेटीबरोबर पुस्तक आलंय ना? वाच मला."

पुस्तक इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी पाचवीपासून, तेही परीक्षेपुरतं. पण माझ्या नवऱ्याचा कचेरीच्या कामाचा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. तो मांडीवर घेतला, मनात देवाचं नाव घेतलं आणि एकेक ओळ लावत गेले. दुपारचे दोन तास गेले. पाच बारीक तारांच्या पानावर आले तेव्हा मी वाचलं, "लोहचुंबक कुठं आहे ते कंट्रोलरला या तारा सांगतात. जाड तारा बदलल्या तर यासुद्धा जुळवून घ्याव्यात."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे गिरणीची मोटार आंधळी. तिला ढकललं की ती फिरते. ही डोळस आहे. या बारीक तारा हिचे डोळे. मी हिचे हात बदलले आणि डोळे होते तिथेच ठेवले. ती बिचारी बघतेय एकीकडे आणि हात मारतेय दुसरीकडे!" मग म्हणाल्या, "आणि मी चांगली धडधाकट मोटार फाडली गं. चार दिवस. एक पान वाचलं असतं तर."

मला वाटलं आता रडतील. त्या उठल्या, चेहरा धुतला आणि म्हणाल्या, "वही आण. पट्टीनं रेघा मार."

पाच बारीक तारांतल्या दोन विजेच्या, त्यांना हात लावायचा नाही. उरल्या तीन. तीन तारा सहा तऱ्हांनी जोडता येतात, आणि त्यांतली एकच खरी. जाऊबाई जोडायच्या, मूठ जेमतेम पिळायच्या, मी करंटच्या मीटरचा आकडा वाचून वहीत लिहायचे. पहिली तऱ्हा, सतरा, गचके. दुसरी, चौदा, उलटी फिरते पण कण्हते. तिसरी, नुसती थरथर. मधे मोटार निवेपर्यंत थांबायचं. थांबलो की मी माळ ओढायचे आणि जाऊबाई घड्याळाकडे बघत बसायच्या.

पाचव्या तऱ्हेला आवाजच आला नाही. मला वाटलं, बंद पडली. बघते तर चाकं फिरत होती, सरळ, पुढे. मीटरवर साडेतीन.

"वाइंडिंग चांगलंच होतं," जाऊबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच. पण त्या मोटारीवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. रविवारी सकाळी शाळेच्या चढावर गेलो तेव्हा कळलं, न्हायचं अजून बाकी आहे.

भाऊजींनी हट्टानं सोळा जार भरायला लावले. "यंत्र आलंय ना आता? मग खेपा कशाला मारायच्या!" मूठ पूर्ण पिळून निघाले, राजासारखे. न्हाव्याच्या दुकानासमोर हात हलवला. पुढच्या वळणावर गाडी मेली. मी पळत जाऊन चाकाला दगड लावला.

"जोर कमी पडला," भाऊजी म्हणाले. "त्या पेटीतला करंट वाढव."

कंट्रोलरचे आकडे मोबाइलवरून बदलता येत होते. जाऊबाईंनी आधी बॅटरीला मीटर लावला, भाऊजींना थांबल्या जागी मूठ जराशी पिळायला सांगितलं आणि आकडा कसा खाली कोसळतो ते बघितलं.

"वाढवायचा नाही, कमी करायचाय."

"चढ चढायला जोर कमी? अगं, उलटी गंगा आहे का?"

"तुम्ही मूठ पिळता, पेटी बॅटरीकडून एकदम ओरबाडते. बॅटरीचा जीव खाली जातो. मग पेटीला वाटतं बॅटरी मेली, म्हणून ती सगळंच बंद करते. मी पन्नासच्या जागी तीस करते. हळू चढेल, पण चढेल."

"किती हळू?"

"मी शेजारून चालत येईन, इतकी."

भाऊजींना ते अजिबात आवडलं नाही. भर रस्त्यात बायको शेजारून चालणार आणि आपण मोटारीच्या गाडीवर बसून तिच्याच वेगानं जाणार. पण गाडी तर त्यांच्या डोळ्यांसमोरच मेली होती. जाऊबाईंनी तीस लावले, सुरुवातीचा झटका निम्मा केला आणि चार जार उतरवून बाजूला ठेवले. बारा जार घेऊन गाडी वर गेली. न ओरडता, न गचकता. पेटीवर हात ठेवला तर गरम होती, पण चटका नव्हता.

"बारा आणि बारा," जाऊबाई म्हणाल्या. "दोन खेपा. नऊला निघायचं."

सोमवारी पहिली खेप दहाच्या आत वर पोचली. जार उतरवायला शाळेचे शिपाई होते. भाऊजींनी वाकायचं नाही, हे त्यांना सांगून ठेवलं होतं. दुसरी खेप न्हाव्याच्या दुकानाच्या वर पोचली आणि नेमक्या उभ्या चढावर समोर मुलांची व्हॅन आडवी झाली. भाऊजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

भरलेली गाडी चढावर पुन्हा हलवणं, हे आम्ही करून बघितलंच नव्हतं. व्हॅन निघाली तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. भाऊजींनी ब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकायला लागली. मी बघितलं, त्यांचा उजवा पाय आपोआप पायडलकडे गेला.

"पाय वर!" जाऊबाई इतक्या जोरात ओरडल्या की न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. "ब्रेक धरा आधी. धरलात? आता ब्रेक दाबलेला ठेवून मूठ पिळा. हळू. अहो, हळू म्हटलं ना, कान पिळायचा नाहीये कुणाचा! आता ब्रेक सोडा. थोडा थोडा."

भाऊजींनी दोन्ही पाय पायाखालच्या फळीवर घट्ट टेकवले. मोटार घुमली. एक क्षण गाडी ना पुढे ना मागे. माझ्या तोंडून देवाचं नाव मोठ्यानं बाहेर पडलं. मग चाक फिरलं, माणसाच्या पावलाच्या वेगानं. जाऊबाई पेटीवर तळहात ठेवून शेजारून चालत राहिल्या, थेट फाटकापर्यंत.

हेडक्लार्क घड्याळात बघत उभे होते. अकराला सात मिनिटं कमी. त्यांनी जार मोजले, दोनदा मोजले आणि भाऊजींना म्हणाले, "बरं. टेम्पोवाल्याला कळवतो नको म्हणून. रोज असंच जमेल ना? रविवारी वसतिगृहालाही लागतं."

भाऊजींनी कपाळ पुसलं. घाम नव्हता, सवयीनं पुसलं. बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा."

जाऊबाई तोवर खाली वाकून मोटारीचा आवाज ऐकत होत्या. त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. आम्ही सगळे थांबलो, हेडक्लार्कसुद्धा.

मग त्या उठल्या. "रोज जमेल," म्हणाल्या. "रविवारी नाही. रविवारी मी मोटार उघडून बघणार."